खाडीच्या तळाचं पाणी उलटं का वाहतं?

काठावरचा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात मित्राच्या होडीतून एका खाडीत दोन तास घालवले. रिकामटेकडेपणा म्हणा हवं तर, पण जाताना दोन तरंगणाऱ्या बाटल्या घेतल्या होत्या. एक मोकळी. दुसरीला पाच मीटर दोरी आणि दोरीच्या टोकाला भोकं पाडलेली बादली, आत दगड. म्हणजे पहिली वरच्या पाण्याबरोबर जाणार, दुसरी खालच्या.

ओहोटी संपत आली होती. फेस, पानं, काटक्या सगळं समुद्राकडे चाललं होतं. दोन्ही बाटल्या एकाच जागी सोडल्या. पहिली निमूटपणे समुद्राकडे गेली. दुसरी जागच्या जागी घुटमळली आणि मग सावकाश, पानांच्या मधून वाट काढत, आत निघाली. नदीकडे! मित्र म्हणाला भुताटकी.

मग बुचाला वेगळी दोरी बांधलेली वजनदार बाटली तळाशी सोडली आणि खाली गेल्यावर बूच ओढलं. वरचं पाणीही एका बाटलीत भरलं. मत्स्यालयासाठी मिळतो त्या तरंगमापीवर वरचं पाणी १.००८, तळाचं १.०१६ (गोडं पाणी १.०००, आकडा जितका मोठा तितकं पाणी जड).

शाळेत शिकलो ते एवढंच, की नदी समुद्राला मिळते आणि पाणी मिसळतं. इथे तर मिसळलेलंही नाही आणि एका दिशेने वाहतही नाही. जाणकारांनी उजेड पाडावा.

---

जडपाणी

भुताटकी नाही, खाडीचा मूळ स्वभावच हा. समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून घनमीटरमागे ते गोड पाण्यापेक्षा सुमारे २५ किलो जड. नदीचं पाणी हलकं, ते वर पसरतं. समुद्राचं खालून घुसतं.

आता दिशेचं. खाडीच्या पाण्याचा पृष्ठभाग नदीकडून समुद्राकडे किंचित उतरता असतो. हा उतार वरपासून तळापर्यंत सगळ्या पाण्याला सारख्याच जोराने बाहेर ढकलतो. दुसरीकडे समुद्राचं जड पाणी आत रेटा देतं, आणि हा रेटा खोलीबरोबर वाढत जातो. १० मीटर खाऱ्या पाण्याचा तळावरचा दाब म्हणजे सव्वादहा मीटर गोड पाण्याचा दाब. वर उतार जिंकतो, खाली जडपणा जिंकतो. वरचं पाणी बाहेर, खालचं आत.

---

शंकेखोर

उत्तर बरोबर, पण या प्रयोगावरून ते सिद्ध होत नाही. तुम्ही होतात ओहोटी संपतानाच्या वेळी. तळाचं पाणी घर्षणामुळे आधीच मंद असतं, त्यात जडपाणी म्हणतात तो खाऱ्या पाण्याचा आत येणारा रेटा, त्यामुळे भरती आधी तळाशी लागते, पृष्ठभागावर नंतर. म्हणजे तुमच्या बादलीला भरतीची पहिली लाट मिळाली असेल इतकंच. तासाभराने दोन्ही बाटल्या आत गेल्या असत्या आणि भर ओहोटीत दोन्ही बाहेर.

खाडीचा 'स्वभाव' बघायचा तर पूर्ण भरती-ओहोटीची सरासरी काढावी लागते. येणंजाणं वजा केल्यावर जो सावकाश प्रवाह उरतो तो वर बाहेरचा आणि खाली आतला. तो बाटलीला दोन तासांत दिसत नाही.

आणि वाऱ्याचं काय? वारा कुठून होता?

---

काठावरचा

वारा जवळजवळ नव्हताच. बाकी मुद्दा मान्य, भर ओहोटीत मी तिथे नव्हतो.

---

जडपाणी

शंकेखोर, रास्त. त्या सावकाश प्रवाहाला कमी मात्र लेखू नका. मार्टिन नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०० साली यासाठी एक साधा हिशेब मांडला. धागाकर्त्याच्या तरंगमापीचे आकडे ढोबळमानाने घेऊ: वरच्या पाण्यात किलोमागे १० ग्रॅम मीठ, खालच्या पाण्यात २०. नदी आणते १०० भाग पाणी. खाडीत मीठ साठत नसेल तर खालून जेवढं मीठ आत येतं तेवढंच वरून बाहेर जायला हवं. सोडवून पाहा: खालून १०० भाग आत येतात, वरून २०० बाहेर जातात.

म्हणजे नदीने आणलं त्याच्या दुप्पट पाणी बाहेर पडतंय! आता वर २० आणि खाली ३० धरा. खालून २०० आत, वरून ३०० बाहेर. खारेपणाच्या मानाने दोन थरांतला फरक जितका कमी तितकी पाण्याची ही रहाटी (खालून आत, वरून बाहेर) मोठी. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा माझं उत्तर चुकलंय असं वाटून तीनदा केला होता.

---

वाचनमात्र

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

कातळ

पाण्याचं झालं, भांड्याचं कोणीच बोलेना, म्हणून थोडं.

आज दिसणाऱ्या खाड्या वयाने पोरसवदा आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. नद्या तेव्हाच्या किनाऱ्यापर्यंत, म्हणजे आजच्या समुद्रतळावरून, दऱ्या कोरत जायच्या. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि त्या दऱ्यांमध्ये शिरला. सहा-सात हजार वर्षांपूर्वी पातळी आजच्या जवळपास येऊन थबकली. खाडी म्हणजे बहुतेक वेळा बुडालेली दरी. अमेरिकेतला चेसापीकचा उपसागर म्हणजे सस्क्वेहाना नदीची बुडालेली दरीच. नकाशात त्याला झाडासारख्या फांद्या दिसतात, कारण उपनद्यांच्या दऱ्याही बुडाल्या.

दुसरी तऱ्हा हिमनदीने कोरलेल्या दरीची, फ्योर्ड. नॉर्वेतला सोग्नेफ्योर्ड सुमारे १,३०० मीटर खोल आहे, पण तोंडाशी उंबरठा. त्यामुळे तळाचं पाणी आत कोंडून राहू शकतं. तिसरी, वाळूचा दांडा आडवा येऊन मागे पाणी अडतं ती. ओडिशातलं चिल्का सरोवर हे त्याचं उदाहरण. चौथी, जमीनच खचते ती. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या घडणीत भूगर्भातल्या हालचालींचा वाटा आहे.

आणि हे सगळे खड्डे भरत चाललेत. नदी गाळ आणतेच. समुद्र थांबला त्या दिवसापासून खाडीची उलटी मोजणी सुरू झाली. भरपूर गाळ आणणाऱ्या नद्यांनी आपल्या खाड्या केव्हाच बुजवल्या आणि त्यापुढे त्रिभुज प्रदेश उभे केले.

---

भूगोलाची वही

म्हणजे नर्मदेला त्रिभुज प्रदेश नाही, खाडी आहे, कारण ती कठीण खडकातून वेगाने वाहते आणि गाळ कमी आणते. बरोबर ना? परीक्षेत हेच लिहून गुण मिळवलेत.

---

कातळ

गुण परत करायची गरज नाही, पण ते अर्धंच उत्तर. नर्मदेच्या मुखापुढे काय आहे ते बघा. खंबातचं आखात. उधाणाला तिथे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांच्या वर जातो. इतकं पाणी दिवसातून दोनदा आतबाहेर होताना गाळ एका जागी बसून त्रिकोण रचू शकत नाही, तो पसरला जातो. कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी भरती त्यामानाने नगण्य. तेव्हा नदी काय आणते एवढंच विचारून भागत नाही, समुद्र काय नेतो तेही विचारायचं.

---

दोन_बरण्या

गाळाचा विषय निघालाच आहे तर घरी करून बघण्यासारखं. चिकणमाती पाण्यात घोळवा, दोन बरण्यांत ओता. एकीत चमचाभर मीठ घालून ढवळा, दुसरी तशीच ठेवा. मी केलं तेव्हा मिठाच्या बरणीत काही मिनिटांतच पाण्यात बारीक कोंड्यासारखे कण दिसायला लागले, तासाभरात वरचं पाणी निवळलं. बिनमिठाची बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळ चहासारखी.

कारण असं, की चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातले धन आयन तो भार झाकतात, कण जवळ येतात, चिकटतात, जड होतात, बसतात. खाडीतला चिखल इतका मऊ, लोण्यासारखा का असतो, तर तो असा पुंजक्यांनी बसलेला असतो.

यात जडपाणी यांची रहाटी जोडा. पुंजका वरच्या थरातून खाली बसतो, खालच्या थरात पोचला की तो थर त्याला परत आत नेतो. जिथे आतलं वाहणं संपतं तिथे गाळ साठत राहतो. म्हणून कितीतरी खाड्यांमध्ये सगळ्यात गढूळ पाणी नदीतही नसतं आणि समुद्रातही नसतं, मधेच एका पट्ट्यात असतं.

---

नदीकाठ

अवांतर: भरती जाते तिथवर मीठ जातं असं नाही. हडसन नदीत भरती-ओहोटी मुखापासून सुमारे २४० किलोमीटर आत, ट्रॉय गावाच्या धरणापर्यंत जाणवते. मीठ त्याच्या बरंच अलीकडे थांबतं. मधल्या पट्ट्यात पाणी गोडं, पण दिवसातून दोनदा चढतं-उतरतं.

---

हिरवळ

सुंदर धागा. खाडी म्हणजे जैवविविधतेचं भांडार! नदीतले जीव अधिक समुद्रातले जीव, म्हणजे दोन्हीची बेरीज.

---

निवटी

हिरवळताई, बेरीज नाही, चक्क वजाबाकी आहे. :)

आडोल्फ रेमाने या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या तळाशी राहणाऱ्या जीवांवरून दाखवलं, की गोड्या पाण्याकडून खाऱ्याकडे जाताना जातींची संख्या आधी घसरते. सगळ्यात कमी जाती भेटतात त्या हजारी ५ ते ८ क्षार असलेल्या मचूळ पाण्यात. नदीचे जीव तिथवर पोचता पोचता गळतात, समुद्राचेही. (बाल्टिकमधल्याच सूक्ष्म एकपेशीय जीवांवर अलीकडे झालेल्या कामात मात्र उलटं चित्र दिसलं. तेव्हा हा नियम डोळ्यांना दिसणाऱ्या तळजीवांपुरता धरावा.)

खाडीत जाती थोड्या, पण एकेका जातीची खानेसुमारी अफाट. अन्नाला तोटा नाही, नदी आणते आणि तळाचा प्रवाह बाहेर निसटू देत नाही. आत यायची फी तेवढी जबर.

ती फी म्हणजे पाणी. पातळ त्वचेआड मीठ कमी-जास्त झालं की पाणी जिकडे मीठ जास्त तिकडे शिरतं. समुद्री जीव मचूळ पाण्यात आला की पाणी अंगात घुसून तो फुगायला लागतो, वर क्षार बाहेर गळतात. यावर खाडीतल्या मंडळींचे तोडगे बघण्यासारखे आहेत.

शिंपला दार लावून घेतो. मीठ उतरलं की झडपा बंद, भरती आली की उघडतो. फार दिवस असं चालत नाही, म्हणून दुसरी सोयही असते. पेशींतली अमिनो आम्लं कमी-जास्त करून तो आतलं पाणी बाहेरच्याशी जुळवतो. भांडतच नाही. चिखलातल्या अळ्यांसारख्या वलयी कृमींची युक्ती त्याहून सोपी. वर मीठ तासातासाला बदलतं, पण चिखलात वीतभर खाली कणांमधल्या पाण्याचं मीठ फारसं हलत नाही. बीळ खोल करायचं, झालं.

खेकडा मात्र भांडतो. युरोपच्या किनाऱ्यांवरचा साधा हिरवा खेकडा मचूळ पाण्यात आला की कल्ल्यांमधल्या पंपांनी पाण्यातले क्षार ओढून रक्तात भरत राहतो. या पंपाला ऊर्जा लागते, म्हणजे खाडीत राहण्याचं भाडं तो रोज भरतो. गंमत अशी, की हा सोडियम-पोटॅशियम पंप पहिल्यांदा ओळखला तो याच खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत. येन्स स्कौ यांनी ते काम १९५७ मध्ये प्रसिद्ध केलं, १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तोच पंप हे टंकताना माझ्या बोटांत चालू आहे.

---

हिरवळ

वजाबाकी पावली! पण मग खारफुटी? झाड काही दार लावून घेऊ शकत नाही की बीळ खोदू शकत नाही.

---

तिवर

माझं नाव खारफुटीतल्याच एका झाडाचं, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

झाडापुढे दोन अडचणी. एक मीठ, दुसरी चिखलात हवा नसणं. लोक पहिलीवर थांबतात, मला दुसरी जास्त भयंकर वाटते. खाडीच्या चिखलात बोट खुपसा. वरचा पातळ थर तपकिरी, त्याखाली लगेच काळा, सडक्या अंड्याचा वास. प्राणवायू संपला की तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात, त्याचा हा वास. मुळांना श्वास घ्यायला तिथे काही नाही.

म्हणून तिवर मुळं वर पाठवतं. झाडाभोवती जमिनीतून पेन्सिली रोवल्यासारख्या उभ्या दिसतात त्या श्वसनमुळं. त्यांच्यावरच्या छिद्रांतून ओहोटीत हवा आत जाते आणि आतल्या पोकळ उतीतून चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. या पेन्सिलींवर गाळाचा किंवा तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं, मग मीठ किती का असेना. कांदळ, खारफुटीतलाच, दुसरी तऱ्हा करतो, खोडातून कमानीसारखी मुळं सोडून स्वतःला वर उचलून धरतो.

मिठाचंही दोघांचं पटत नाही. कांदळ दारातच अडवतो, मुळांशीच बहुतेक मीठ गाळून टाकतो. तिवरही गाळतं, पण तरी आत आलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दुपारी तिवराच्या पानावरून बोट फिरवून बघा, खरखरीत लागतं. भिंगाखाली ते कण चौकोनी स्फटिक असतात.

बीजाचंही बघा. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, आईच्या अंगावरच हिरवी शेंगेसारखी लांबट कांडी लोंबते. पडली की चिखलात रुतते, नाहीतर तरंगत जाते आणि पुढे कुठेतरी उभी राहते.

---

शंकेखोर

चांगलं चाललंय, पण एक अडतंय. झाड मुळाने धरून बसतं, शिंपला चिकटतो. जे पाण्यात तरंगतं त्याचं काय? खेकड्याची पिल्लं म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी. वरचा थर सतत बाहेर जातोय म्हणता, तर ती सगळी समुद्रात वाहून जायला हवीत.

---

निवटी

मी वाटच बघत होते कोणी हे विचारतंय का!

त्यांना आडवं पोहता येत नाही, पण उभं येतं. आणि खाडीत तेवढं पुरतं, कारण वर बाहेरची गाडी आहे आणि खाली आतली. काही खेकड्यांची पिल्लं भरती-ओहोटीच्या तालावर वर-खाली करत या दोन गाड्या बदलत राहतात आणि आपल्याच खाडीत टिकून राहतात. अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा निळा खेकडा उलटं करतो. त्याची पिल्लं वरच्या थराबरोबर मुद्दाम समुद्रात जातात आणि वाढून परत येतात. येताना रात्रीच्या भरतीला पाण्यात वर, ओहोटीला तळाशी चिकटून. एकेक भरतीने एकेक टप्पा. मोठी कोळंबीही समुद्रात अंडी घालते आणि तिची पिल्लं खाडीत येऊन वाढतात.

म्हणजे नुडसेन साहेबांचा हिशेब टाचणीएवढ्या जीवाला पाठ आहे. (पाठ म्हणजे पाठ नाही, ज्यांना जमलं नाही त्यांचे वंशज आज नाहीत इतकंच. कोणीतरी दुरुस्ती करायच्या आत मीच करते.)

---

जडपाणी

काठावरचा, पहिल्यांदा गेलात ती तिथी कोणती होती?

---

काठावरचा

बघून सांगतो… अष्टमी. का?

---

जडपाणी

वाटलंच. भांगाची भरती. पाणी कमी चढतं-उतरतं, घुसळण कमी, म्हणून थर ठळक. मिसिसिपीच्या मुखाशी भरती मुळातच जेमतेम आणि नदी मोठी, तिथे खारं पाणी तळाने पाचरीसारखं आत घुसतं. २०२३ मध्ये नदीचं पाणी उतरल्यावर ती पाचर इतकी वर सरकली, की पिण्याचं पाणी वाचवण्यासाठी नदीच्या तळाशी गाळाचा बांध उंच करावा लागला. उलट जिथे भरती दांडगी आणि नदी त्यामानाने लहान, तिथे वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच पाणी. तुमच्याच खाडीत उधाणाला जा, बाटल्या घेऊन.

---

काठावरचा

जाऊन आलो. अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी, तीच जागा, ओहोटीचा तोच सुमार.

वरचं पाणी १.०११, तळाचं १.०१३. मागच्या वेळी आठाचा फरक होता, आता दोनाचा. पाणी इतकं गढूळ, की बादली हातभर खाली गेली की दिसेना. दोन्ही बाटल्या समुद्राकडे निघाल्या, बादलीवाली मागे रेंगाळत, पण निघाली त्याच बाजूला. शंकेखोर खूश व्हा.

या वेळी भर भरतीपर्यंत थांबलो, अंधार पडला. एक बाटली तेव्हाची आहे, मध्यावरची. घरी येऊन विजेरी धरली तर आत काहीतरी झटके देत फिरतंय. आठ-दहा आहेत. पारदर्शक, डोळे तेवढे काळे.

---

निवटी

ओतून देऊ नका! भिंग आहे का? डोक्यावर काटा दिसतो का बघा, आणि मागे शेपटी.

---

काठावरचा

आहे. वर एक काटा, नाकासारखा खाली एक, शेपटीला दोन टोकं. अंगाच्या मानाने डोळे केवढे! विजेरी बाजूला नेली की सगळे तिकडे जातायत.

---

निवटी

खेकड्याची पिल्लं. आता विजेरी बंद करा आणि पुढच्या भरतीआधी परत सोडून या, त्यांची गाडी चुकेल.